साखळी घेऊन आलेला साहेब : सर जॉर्ज विंगेट



आपल्यापैकी ज्यांचे रावेर-यावलकडे, एरंडोल-चोपड्याकडे किंवा धुळे-शिरपूरकडे थोडेफार शेत आहे, त्यांनी घरातील जुना सातबारा एकदा काढून पाहावा. एकर, गुंठे, आणे, आकारणीचे रुपये-पैसे आणि एक सर्व्हे नंबर. पुढे एकत्रीकरणात नंबर बदलून गट झाले ही गोष्ट निराळी. परंतु या नंबराची, या गुंठ्याची आणि बांधावरच्या त्या दगडाची पद्धत घालून देणाऱ्यांमध्ये एका स्कॉटिश लष्करी इंजिनिअरचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्याचे नाव जॉर्ज विंगेट. हा काही आपला पुढारी नव्हे, की त्याच्या जयंत्या साजऱ्या व्हाव्यात. तथापि आपल्या खानदेशच्या जमिनीवर त्याने जी रेघ ओढली ती अद्याप पुसलेली नाही, म्हणून त्याचे चरित्र आपणापुढे ठेवीत आहे.

विंगेटचा जन्म १८१२ सालचा. तरुणपणीच तो कंपनी सरकारच्या मुंबई इंजिनिअर्स पलटणीत दाखल झाला. त्या सुमारास दख्खनच्या शेतकऱ्याची दशा फार वाईट होती. पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि त्यांनी जुन्या कागदांवरचे आकडे धरून सारा मागितला. मग प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमीन मोजण्याचा घाट घातला. हा प्रिंगल विलायतेत माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकलेला. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढावयाचे आणि त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे, असा त्याचा हिशेब. कागदावर हिशेब सुरेख होता. शेतात तो बसेना. मोजणी चुकीची, दर भारी, त्यात दुष्काळ. इंदापूर तालुक्यातील कितीतरी शेते ओस पडली आणि माणसे गाव सोडून गेली.

हा विस्कटलेला डाव सावरण्यासाठी १८३५ साली इंदापूरला दोन तरुण गेले. एक मुलकी अधिकारी गोल्डस्मिड आणि दुसरा लेफ्टनंट विंगेट. दोघेही १८१२ चेच, म्हणजे तेवीस वर्षांचे! पुस्तकी सिद्धांत बाजूला ठेवून गावात पूर्वी किती वसूल झाला, लोकांना किती झेपला आणि बाजार किती जवळ आहे हे पाहून त्यांनी तालुक्याची एकूण रक्कम ठरविली. मग ती शेतांच्या प्रतीप्रमाणे वाटली. विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावे. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, ते सोळा आणे. साखळीच्या चौरसाचा, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा, एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. प्रत लावणारा कारकून शेतात जागोजाग माती उकरून तिची खोली पाही. पावणेदोन हात खोल निर्मळ काळी माती लागली तर पहिली प्रत, सोळा आणे. चुनखडी, वाळू, उतार किंवा पाणथळ असा दोष दिसला की प्रत खाली येई. अशा नऊ प्रती होत्या. दर एकदा ठरला की तीस वर्षे तो वाढवायचा नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली तरी नाही. शेत विकण्याचा, वारसाला देण्याचा आणि नको असल्यास राजीनामा देऊन सोडण्याचा हक्क त्याला मिळाला. हे सारे नियम १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालात एकत्र आले.

आता कायद्याकडे वळू. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई सरकारचा कायदे करण्याचा अधिकारच काढून घेतला होता. आपल्या शेताच्या हद्दीचे दगड कोणी लावावयाचे व कोणी जपावयाचे याचा १८४६ चा कायदाही कलकत्त्याहून आला. १८६१ साली तो अधिकार परत मिळाला आणि जानेवारी १८६२ मध्ये मुंबईचे कायदे कौन्सिल प्रथम भरले. त्यात जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मोजके एतद्देशीय गृहस्थ होते, पण सगळे सरकारने नेमलेले. त्याच कौन्सिलने १८६५ साली पहिल्या क्रमांकाचा कायदा करून मोजणीच्या पद्धतीला स्वतंत्र कायद्याचा आधार दिला. याचा अर्थ असा, की मोजणीची साखळी आधी फिरली आणि तिचा कायदा मागाहून आला. मधल्या काळात शेतकऱ्याने दाद मागावी कुठे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या खानदेशने दिले आहे. १८५२ साली विंगेट खानदेशात आला व येथील मोजणी कशी करावी याचा अहवाल त्याने सरकारला सादर केला. मोजणी खानदेशाला नवी नव्हती. मोगलांच्या काळी मुर्शिद कुली खानाने दख्खनच्या जमिनीची पाहणी केली होती, आणि बिघ्याचा हिशेब लोकांच्या अंगवळणी पडला होता. परंतु परक्या सरकारचे लोक साखळी घेऊन बांधाबांधाने फिरू लागल्यावर सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक खवळले. मोजणी म्हणजे सारावाढ, असा सर्वांचा समज झाला. पाटील-देशमुखांना भीती वेगळीच होती. जमिनीचा खरा आकडा आजवर त्यांच्याच मुठीत होता, तो आता सरकारी दप्तरात जाणार होता. मोठमोठे जमाव जमले आणि मोजणी बंद करा अशी मागणी झाली. सरकारने भिल्ल पलटण व इतर फौज आणून वर्षअखेरीस पुढाऱ्यांना कैद केले. मोजणी चालूच राहिली.

शेतकऱ्यांची भीती खोटी होती काय? माझ्या मते अर्धी खोटी आणि अर्धी खरी. पुष्कळ ठिकाणी नवे दर जुन्यापेक्षा हलके निघाले आणि पडीक रान लागवडीस आले. पण जे संकट आले ते निराळ्याच वाटेने आले. जमीन विकता येऊ लागली म्हणजे ती गहाणही टाकता येऊ लागली. हद्द पक्की, आकार पक्का, नाव पक्के. सावकाराला याहून चांगले तारण कोणते? त्यात दिवाणी कोर्टात कागद बोलतो, अडाणी माणसाचे तोंड नव्हे. विंगेटची थोरवी मला येथे वाटते, की आपल्याच व्यवस्थेची ही काळी बाजू त्याने १८५२ मध्येच सरकारला लिहून कळविली होती. पुढे १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, तेव्हा नेमलेल्या चौकशी मंडळाला त्याचे ते जुने लेखन धुंडाळावे लागले.

आपल्या मशिदी, दर्गे आणि काझींच्या इनामांचे काय झाले, असे पालक विचारतील. त्यांच्या सनदांची चौकशी निराळी झाली. खानदेशासह दख्खनसाठी मुंबई कौन्सिलने १८६३ चा दुसरा कायदा केला. त्यात खासगी इनामदारांशी ठोक रकमेवर तडजोड झाली, तर धर्मादाय इनामे वेगळी ठेवली गेली. ज्यांनी सनद जपली त्यांचे नाव दप्तरात चढले. ज्यांची सनद वाळवीने खाल्ली त्यांची गोष्ट सांगायला कागदच उरला नाही.

विंगेटची मोजणी पुढे इतरांच्या हाती गेली. गोल्डस्मिड १८५५ साली कैरो येथे वारला. विंगेट निवृत्त होऊन मायदेशी परतला आणि तेथे त्याने एक काम केले, जे कंपनीच्या माजी अधिकाऱ्याकडून कोणी अपेक्षिले नसेल. १८५९ साली त्याने हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या पैशाच्या व्यवहारावर एक छोटे पुस्तक छापले. कर ज्या देशात गोळा होतो तेथेच खर्च झाला तर तो पुन्हा लोकांच्या हाती फिरतो. समुद्रापार गेला तर तो कायमचा गेला, आणि इंग्लंड हिंदुस्थानाकडून घेते ती सरळ खंडणीच आहे, असे त्याने त्यात मांडले. दादाभाई नौरोजींनी आपल्या लिखाणात त्याची साक्ष काढली ती याचसाठी. ज्याने साऱ्याचा एकेक आणा मोजला होता, त्याला तो कुठे जातो हे ठाऊक होते!

सरकारने त्याला 'सर' केले. १८७९ साली तो वारला. त्याच वर्षी मुंबईच्या कौन्सिलने जमीन महसुलाचा पाचवा कायदा मंजूर केला आणि मोजणी, प्रत, आकार, हद्दीच्या खुणा हे सारे त्यात गोवले गेले. तो कायदा ८८ वर्षे चालला. १५ ऑगस्ट १९६७ पासून त्याची जागा महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेने घेतली, आणि ती मुंबईच्या विधिमंडळात आपण निवडून दिलेल्या माणसांनी केली. गुंठा मात्र १०८९ चौरस फुटांचाच राहिला.