कोल्हापूरच्या घाटगेंनी डिझाइन केलेल्या विमानावर भारताचे पायलट उडायला शिकले

पावसाळा लागला की ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडसमोरून भल्या पहाटे बाइकवाल्यांचे ग्रुप निघतात. कल्याण, मुरबाड करत माळशेज घाट गाठायचा. या ग्रुपमध्ये एखादी तरी एक्सपल्ससारखी बजेटमधली ऑफ-रोड बाइक असतेच. तिची ताकद साधारण १९ हॉर्सपॉवर. दहा-पंधरा लाखांच्या ॲडव्हेंचर बाइकपुढे ती काहीच नाही. पण चिखलात पडली तर एकटा माणूस उचलू शकतो आणि गावातला मेकॅनिकही तिला हात लावतो. शिकायला अशीच गाडी लागते.

आता अशा आठ बाइक्सची ताकद एकत्र करा. जवळपास तेवढ्याच, म्हणजे १५५ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर भारतात डिझाइन झालेलं एक विमान उडायचं. त्याचं नाव एचटी-२. ते बनवणाऱ्या टीमचे प्रमुख होते कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे.

घाटगेंचा जन्म १९०८ सालचा, हसूरचंपू गावचा. शिक्षणात हुशार असलेला हा मुलगा पुढे थेट जर्मनीतल्या गटिंगेनला पोहोचला. तिथे त्यांचे गाइड होते लुडविग प्रांटल.

हे प्रांटल कोण? तर विमानाचा पंख हवेत वजन कसं उचलून धरतो, याचं गणित ज्यांनी मांडलं ते शास्त्रज्ञ. आधुनिक एरोडायनॅमिक्सचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९३६ मध्ये घाटगेंनी त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट मिळवली.

त्या काळात जर्मनीत विमानांचं वेड शिगेला पोहोचलं होतं. प्रांटल यांनी १९३३ मध्ये पंखाबद्दलचा एक नवा विचार मांडला. पंखाच्या टोकाकडे भार हळूहळू कमी करत नेला, तर त्याच वजनाच्या पंखाला हवेचा अडथळा कमी होतो, असा त्याचा सारांश. हॉर्टेन नावाच्या भावांनी तो विचार उचलला आणि शेपटीच नसलेली विमानं बनवायला घेतली. अख्खं विमान म्हणजे एक पंख, म्हणून नाव फ्लाइंग विंग.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोअरिंग याला एक बॉम्बर हवा होता. १००० किलो बॉम्ब, १००० किलोमीटर लांब, ताशी १००० किलोमीटर वेगाने नेणारा. हॉर्टेन बंधूंनी त्यासाठी जेट इंजिनवालं फ्लाइंग विंग बनवलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये ते उडालं आणि त्याच महिन्यात कोसळलं. त्यात पायलट गेला आणि काही आठवड्यांत जर्मनीही हरली. ही कल्पना प्रत्यक्षात वायुदलात यायला अमेरिकेच्या बी-२ बॉम्बरपर्यंत वाट पाहावी लागली.

प्रांटल यांचं गणित शिकलेले घाटगे मात्र युद्ध सुरू होण्याआधीच भारतात परतले होते. इथली परिस्थिती अशी, की डोक्यात विमानाचं सगळं शास्त्र होतं, पण देशात विमानाचा एकही कारखाना नव्हता.

हा कारखाना उभा केला तो दुसऱ्या एका मराठी मुलखातल्या माणसाने. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तीच आजची एचएएल. घाटगे तिथे एरोडायनॅमिक्सचे जाणकार म्हणून दाखल झाले.

कंपनीचं पहिलं काम होतं अमेरिकन विमानं जोडायचं. ड्रॉइंग अमेरिकेचं, सुटे भाग अमेरिकेचे, नट-बोल्ट आवळणारे हात आपले. हार्लो नावाचं ट्रेनर विमान १९४१ मध्ये असंच तयार झालं. घाटगेंनी त्याच दिवसांत स्वतःचं एक डिझाइन काढलं. दहा माणसं बसतील असं ते ग्लायडर होतं. ते एकच बनलं, पण कंपनीने दुसऱ्याच्या ड्रॉइंगशिवाय बनवलेली ती पहिली वस्तू होती.

पुढे युद्ध भारताच्या सीमेवर आलं. कारखाना सरकारने ताब्यात घेतला आणि तिथे दोस्तराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती सुरू झाली. नवं डिझाइन वगैरे विषयच संपला.

अशा वेळी घाटगे शिकवायला लागले. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ मध्ये एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा विभाग सुरू झाला, तो त्यांनीच उभा केला. विमान बनवायचं तर आधी ते बनवू शकणारी माणसं हवीत, आणि ती तयार करायला हा विभाग लागणार होता.

स्वातंत्र्य मिळालं आणि घाटगे चीफ डिझायनर म्हणून पुन्हा एचएएलमध्ये आले. आता प्रश्न होता, पहिलं विमान कुठलं बनवायचं? फायटर की बॉम्बर? ठरलं ट्रेनर. दोन सीट, एकामागे एक. पुढे-मागे दोन्हीकडे कंट्रोल. धातूचा सांगाडा, चाकं आत न जाणारी, इंजिन छोटं. आणि याला कारणही तसंच होतं. इंजिन बाहेरून आणलं तरी एवढं विमान आपल्या माणसांना, आपल्या मशिनवर पूर्ण करता येणार होतं. शिवाय नव्या वायुदलाला सगळ्यात आधी पायलटच हवे होते.

ऑगस्ट १९५१ मध्ये टेस्ट पायलट जिमी मुन्शी यांनी एचटी-२ पहिल्यांदा आकाशात नेलं. पुढे अशी दीडशेहून जास्त विमानं बनली. वायुदलाची आणि नौदलाची पोरं तीन दशकांहून जास्त काळ त्यावर उडायला शिकली. इतकंच काय, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घाना देशाच्या वायुदलालाही १२ एचटी-२ मिळाली.

मग गाडी थांबली नाही. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक आलं, पाठोपाठ कृषक. १९५६ मध्ये फायटर बनवण्यासाठी सरकारने जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांना बोलावलं. जर्मनीत जाऊन शिकून आलेले घाटगे आता बंगळुरूत जर्मन टीमसोबत काम करत होते. त्यातून मारुत हे जेट फायटर १९६१ मध्ये उडालं.

पण मारुतला एक दुखणं कायमचं चिकटलं. ज्या ताकदीचं इंजिन धरून ते डिझाइन केलं होतं, ते ब्रिटनमध्ये पूर्णच झालं नाही. शेवटी कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावं लागलं. १९७१ च्या युद्धात मारुत लढलं, पण आवाजाचा वेग ओलांडायचं स्वप्न राहूनच गेलं. विमानाचं अंग आपलं आणि इंजिन परक्याचं, ही अडचण तेजसपर्यंत आपला पिच्छा सोडत नाही.

१९६४ मध्ये किरण हे जेट ट्रेनर उडालं. १९६५ मध्ये घाटगेंना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचं निधन झालं. बंगळुरूच्या एचएएलमध्ये त्यांच्या नावाचं कन्व्हेन्शन सेंटर आहे. एरोनॉटिकल सोसायटी त्यांच्या नावाने पुरस्कार देते. महाराष्ट्रात मात्र हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही.

पण त्यांच्या काळातलं एक विमान तुम्ही नक्की पाहिलेलं असणार. वायुदलाची सूर्यकिरण टीम १९९६ पासून २०११ पर्यंत ज्या लाल-पांढऱ्या विमानांमधून कसरती करायची, ती किरण विमानंच होती. टीमच्या नावातलं किरणही तिथूनच आलं.