काळकर्ते शिवरामपंत परांजपे

सज्जनहो, तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या, ही कथा आपल्याला तोंडपाठ आहे. वह्या पाण्यात गेल्या, पण अभंग लोकांच्या मुखी होते आणि संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांनी ते लिहूनही ठेवले होते. कोणीतरी जतन करतो म्हणूनच शब्द टिकतो. हे ध्यानात ठेवून आज आम्ही एका पत्रकाराचे चरित्र सांगणार आहोत. वारकऱ्यांच्या मासिकात पत्रकार कशाला, असे कोणी म्हणेल. थोडा धीर धरा, म्हणजे उमगेल.

शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म २७ जून १८६४ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे झाला. पुढे पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिकले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेचा संस्कार त्यांच्यावर झाला. संस्कृताची मोठी गोडी. त्यांनी शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली, एम. ए. झाले, संस्कृतचे प्राध्यापक झाले. पाठशाळेत आम्ही जी तर्कभाषा घोकून घोकून थकलो, तिची टीपांसह आवृत्ती या पंडिताने काढली होती. अशा माणसाला सुखाची नोकरी काही कठीण नव्हती.

पण दिवस बिकट होते. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला, रँडचा वध झाला, लोकमान्यांना शिक्षा झाली. १८९८ साली राजद्रोहाचा कायदा अधिक कडक झाला. लोक दबकून बोलू लागले. नेमक्या त्याच वर्षी शिवरामपंतांनी ‘काळ’ साप्ताहिक काढले!

उघड बोलावे तर तुरुंग, गप्प बसावे तर मन खाते. मग पंतांनी अलंकारशास्त्र कामाला लावले. वरून स्तुती आणि आतून निंदा, ही व्याजस्तुती त्यांच्या लेखणीला वश होती. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करावे तर गुन्हा हाती लागू नये, आणि मराठी वाचकाला मात्र सगळे कळावे. आम्ही कीर्तनकार तरी काय करतो? दृष्टांत पुराणातला देतो, पण बोट असते समोर बसलेल्यांकडे. ही हातोटी पंतांपाशी पुरेपूर होती. कोवळ्या वयातल्या सावरकरांनी ‘काळ’ वाचूनच देशभक्तीचा धडा घेतला.

१९०८ साली सरकारने त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली धरले. त्यांच्या खटल्यात साहाय्य करावे म्हणून टिळक मुंबईस गेले आणि तेथेच तेही पकडले गेले. पंतांना एकोणीस महिन्यांची सजा झाली. १९०९ साली ते सुटले, पण पुढच्याच वर्षी नव्या छापखाना कायद्याखाली जबर जामीन मागितला गेला आणि ‘काळ’ बंद पडला. त्यातील निवडक निबंधांचे दहा भाग निघाले होते, तेही सरकारने जप्त केले.

हीच ती इंद्रायणी! जप्त पुस्तक घरात ठेवायचे म्हणजे पोलिसाला बोलावणे धाडण्यासारखे. तरी लोकांनी ते टिकविले. कालांतराने बंदी उठली आणि निबंध पुन्हा छापून निघाले.

पंत पुढेही स्वस्थ बसले नाहीत. १९२० साली त्यांनी ‘स्वराज्य’ पत्र काढले. १९२२ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मुळशीच्या मावळ्यांसाठी सत्याग्रह करून सहा महिने तुरुंगात गेले. १९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्यांनी देह ठेवला.

आता मुद्द्याचे. आज जप्ती नाही, पण वाळवी आहे, आणि रद्दीवाला दारातच उभा आहे. या पापाचे धनी आम्हीही आहोत. घर बदलताना वडिलांच्या ट्रंकेतले जुने अंक आम्ही न उघडताच किलोच्या भावाने दिले. त्यात काय होते ते आता कधीच कळणार नाही. ती हुरहूर अजून जात नाही.

म्हणून विनंती एवढीच. माळ्यावरचा गठ्ठा विकण्याआधी एकदा सोडून पाहा. जुना अंक, हस्तलिखित, कीर्तनाची वही निघाली तर गावच्या वाचनालयात पोचती करा. आणि एखादा निबंध घरी मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. कागद विरतो हो. कानावर पडलेले मात्र राहते. तुकोबांच्या टाळकऱ्यांनी केले तेच आपण करायचे.