लुई पाश्चर : वेळेवर दिलेली लस

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर जगाला लस देणारे लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. संसारात त्यांनी पुष्कळ दुःख सोसले. त्यांच्या तीन मुली लहानपणीच वारल्या. १८६८ साली पक्षाघाताने त्यांची डावी बाजू अधू झाली, तरी त्यांचे संशोधन थांबले नाही.

रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तो मेंदूत पोहोचण्याआधी शरीर तयार करता येईल, हे पाश्चर यांनी हेरले. रेबीजने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवला की त्यातील रोगाचा जोर दिवसागणिक कमी होतो, हे त्यांना प्रयोगांत दिसले होते.

६ जुलै १८८५ रोजी आल्सास प्रांतातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला घेऊन पॅरिसला आली. दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. डॉ. ग्रांशे यांनी पाश्चर यांच्या देखरेखीखाली लस टोचली. आधी अगदी सौम्य, मग हळूहळू अधिक तीव्र, अशा दहा दिवसांत १३ लशी दिल्या. जोसेफ वाचला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दहा वर्षांच्या लुईझ पेलतिए हिला आणले गेले, ते चाव्यानंतर ३७ दिवसांनी. उशीर झाल्याचे पाश्चर जाणून होते. अपयश आले तर टीका होणार, हेही त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी तिला परत पाठवले नाही. डिसेंबरमध्ये ती दगावली.

१८८८ साली पॅरिसमध्ये पाश्चर संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला.

आजची लस वेगळी व अधिक सुरक्षित आहे, पण वेळेचा नियम तोच आहे. लस टोचताच संरक्षण मिळत नाही. शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. म्हणूनच खोल जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी क्वचितच वाचतो. तेव्हा कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद-चुना लावत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पुढच्या लशींची एकही तारीख चुकवू नये. मुले मार लागेल या भीतीने चावा लपवतात. त्यांना रागावण्याआधी जवळ घेऊन विचारावे.