रक्ताच्या गुठळीचा माग काढणारे रूडोल्फ फिरखो

रोगावर औषध सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु रोग मुळात कोठून येतो, हे शोधण्यासाठी आयुष्य वेचणारा विरळा. अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

रूडोल्फ फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील पोमेरेनिया प्रांतात झाला. बर्लिन येथे १८४३ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून ते शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम करू लागले. फुप्फुसाच्या रोहिणीत आढळणारी रक्ताची गुठळी तेथल्याच दाहाने उपजते, असे त्या काळचे नामांकित वैद्य मानीत. फिरखोंना हे पटेना. त्यांनी कुत्र्यांच्या मानेतील नीलेत रबराचे तुकडे सोडले; ते हृदयातून वाहत जाऊन फुप्फुसात अडकले. पायांच्या नीलेत झालेली गुठळीही अशीच सुटून फुप्फुसात पोचते, हे त्यांनी सिद्ध केले. या विकाराला एम्बोलिझम हे नाव त्यांनीच दिले.

१८४८ मध्ये सायलेशियात ज्वराची भयंकर साथ आली. सरकारने तिच्या चौकशीसाठी फिरखोंना धाडले. साथीचे मूळ प्रजेच्या दारिद्र्यात, अज्ञानात आणि राज्यकर्त्यांच्या अनास्थेत आहे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. त्याच वर्षीच्या क्रांतीतही त्यांनी भाग घेतला. परिणामी १८४९ मध्ये त्यांना बर्लिन सोडून व्युर्ट्सबुर्गला जावे लागले. पण १८५६ मध्ये त्याच बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलाविले. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले.

गुठळी विरघळविणारे औषध त्यांच्या हयातीत नव्हते. स्ट्रेप्टोकायनेजचा हा गुण १९३३ मध्ये उजेडात आला. मागाहून युरोकायनेज व आल्टेप्लेज आली. १९८८ मध्ये या शेवटच्या दोहोंची रुग्णांवर तुलना झाली. पहिल्या दोन तासांत आल्टेप्लेज सरस ठरले; चोवीस तासांनंतर मात्र दोहोंत फारसे अंतर उरले नाही. ही सर्वच औषधे शरीरात अन्यत्र, प्रसंगी मेंदूतही, रक्तस्राव घडवू शकतात. म्हणून ती मुख्यतः प्राण संकटात असलेल्या रुग्णासच देतात. इतरांना सहसा रक्त गोठू न देणारी औषधे पुरतात.

नव्या औषधाची कीर्ती कितीही मोठी असो, ते पडताळून पाहिल्यावाचून स्वीकारू नये, हाच यातील बोध. नामांकितांचे मतही फिरखोंनी पडताळल्यावाचून मानले नव्हते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे.