क्लिफर्ड बिअर्स

क्लिफर्ड व्हिटिंगहॅम बिअर्स (३० मार्च १८७६ – ९ जुलै १९४३) हे अमेरिकेतील मानसिक आरोग्य चळवळीचे प्रवर्तक व लेखक होते. त्यांनी स्वतः मनोविकार भोगला होता.

== पूर्वायुष्य ==
त्यांचा जन्म कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. येल विद्यापीठातून ते १८९७ साली पदवीधर झाले. थोरल्या भावाला अपस्माराचे झटके येत असत. तोच आजार आपल्यालाही जडेल, या भीतीने त्यांना विद्यार्थिदशेतच ग्रासले.

== आजार ==
१९०० साली त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले. पुढील तीन वर्षे ते कनेटिकटमधील तीन मनोरुग्णालयांत होते. भेटीस येणारे नातलग हे वेषांतर केलेले गुप्तहेर आहेत, असा त्यांचा दृढ समज होता. १९०२ मध्ये त्यांनी भाऊ जॉर्ज यांना घरच्या पत्त्यावर पत्र पाठवले आणि येताना ते ओळखीदाखल आणण्यास सांगितले. जॉर्ज ते पत्र घेऊन आले, तेव्हा हा भ्रम दूर झाला. त्यानंतर मात्र उन्मादाची अवस्था सुरू झाली. या काळात त्यांना मारहाण, एकांतकोठडी व हात जखडून ठेवणारा बंदिस्त अंगरखा सहन करावा लागला.

== कामावर पुनरागमन ==
१९०३ मध्ये रुग्णालयातून सुटल्यावर ते न्यू यॉर्कमधील एका व्यापारी संस्थेत नोकरीस लागले. १९०५ च्या प्रारंभी आजाराची लक्षणे पुन्हा दिसू लागताच ते आपण होऊन रुग्णालयात दाखल झाले आणि अल्पावधीत बरे होऊन कामावर परतले. मनोरुग्ण कर्तव्यक्षम जीवनास कायमचा मुकतो, ही तत्कालीन समजूत त्यांच्या उदाहरणाने खोटी ठरली.

== कार्य ==
१९०८ साली त्यांचे 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी त्यास पाठिंबा दिला होता. बिअर्स यांनी ते टोपणनावाने न छापता स्वतःच्या नावाने छापले. मनोविकाराचा उल्लेखही कुटुंबे दडवत असत अशा त्या काळात हा निर्णय धाडसाचा होता. मनोविकारतज्ज्ञ ॲडॉल्फ मायर यांनी सुचवलेली 'मानसिक आरोग्यरक्षण' ही संज्ञा त्यांनी चळवळीसाठी स्वीकारली. त्याच वर्षी कनेटिकटमध्ये व १९०९ साली राष्ट्रीय पातळीवर त्यांनी या कार्यासाठी संस्था स्थापन केल्या. १९१३ मध्ये न्यू हेवन येथे मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण चिकित्सालय सुरू झाले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३० साली वॉशिंग्टन येथे भरलेली मानसिक आरोग्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद हे त्यांच्या प्रयत्नांचे फळ होते.

== अखेर ==
१९३९ मध्ये ते कार्यनिवृत्त झाले. त्याच वर्षी आजार बळावल्याने ते ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात दाखल झाले व तेथेच त्यांचे निधन झाले. दोन आजारांच्या मधली पस्तीसहून अधिक वर्षे त्यांनी कामात घालवली.