परकी त्वचा आणि पीटर मेडावार
पीटर मेडावार यांचा जन्म १९१५ मध्ये रिओ दि जानेरोत झाला, शिक्षण इंग्लंडमध्ये. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर लावलेली परकी त्वचा शरीराची प्रतिकारशक्तीच नाकारते, हे त्यांनी सिद्ध केले. १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९८७ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या सहकाऱ्यांना उंदरांच्या पिल्लांत उलटेही दिसले होते: टोचलेल्या परक्या पेशीच शरीरावर हल्ला करत आणि पिल्ले खुरटत. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर माणसातही हे घडते. आजार जुनाट झाल्यास त्वचा, तोंड, डोळे, यकृत, फुप्फुसे, सांधे अशा अवयवांना ० ते ३ गुण देऊन तीव्रता ठरवतात. फुप्फुसांचे गुण २ झाले, तरी आजार तीव्र ठरतो. म्हणूनच प्रत्यारोपणानंतर दम लागू लागल्यास तो थकवा समजून अंगावर काढू नये.