सिग्मंड फ्रॉइड यांचा सिगार: धूम्रपान, तोंडाचे आजार आणि उपचारांची मर्यादा

हिरड्यांच्या आजारासाठी आलेल्या रुग्णाला सिगारेट बंद करायला सांगितले की अनेकदा तो हसून विषय बदलतो. दात आणि हिरड्या डॉक्टरांनी बघाव्यात, सिगारेटचे आपण बघू, असा त्याचा सूर असतो. जणू उपचार ही एक गोष्ट आणि धूम्रपान ही वेगळीच गोष्ट! प्रत्यक्षात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. हे समजून घेण्यासाठी आज एका जगप्रसिद्ध रुग्णाची माहिती घेऊ. ते स्वतः डॉक्टर होते आणि माणसाच्या मनाचा अभ्यास हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते. त्यांचे नाव सिग्मंड फ्रॉइड.

सवय कशी लागली?

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका लहान गावात झाला. ते लहान असतानाच कुटुंब व्हिएन्नाला आले. तिथेच त्यांचे शिक्षण झाले आणि १८८१ मध्ये त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. पुढे मज्जासंस्थेच्या आजारांवर काम करता करता त्यांनी मनोविश्लेषण ही नवी उपचारपद्धती मांडली.

त्यांचे वडील धूम्रपान करत. फ्रॉइड यांनी विशीत सिगारेटने सुरुवात केली आणि लवकरच ते सिगारकडे वळले. पुढे दिवसाला वीसच्या आसपास सिगार हे त्यांचे नेहमीचे प्रमाण झाले. सिगारशिवाय आपल्याला लिहिता येत नाही, विचार सुचत नाहीत, अशी त्यांची खात्री झाली होती.

१८९४ च्या सुमारास त्यांना छातीत त्रास आणि हृदयाचे ठोके अनियमित पडणे असा त्रास होऊ लागला. बर्लिनमधील त्यांचे डॉक्टर मित्र विल्हेल्म फ्लीस यांनी सिगार बंद करायला सांगितले. फ्रॉइड यांनी काही आठवडे तो सोडलाही, पण मन लागेना, काम होईना, आणि सिगार परत आला. हा क्रम पुढे आयुष्यभर चालू राहिला. निकोटिनचे व्यसन म्हणजे काय, हे यावरून कळते. इच्छाशक्ती कमी होती असे त्यांच्याबद्दल कोणी म्हणणार नाही.

धूर तोंडात नेमके काय करतो?

सिगारचा धूर बहुतेक जण छातीत ओढून घेत नाहीत, तोंडातच घोळवतात. त्यामुळे त्याचा अपाय कमी, असा एक गैरसमज आहे. सिगारच्या धुरातील निकोटिन तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतूनही शरीरात शोषले जाते, आणि कर्करोगकारक रसायने टाळू, गाल, जीभ व हिरड्यांवर थेट बसत राहतात.

हिरड्यांवर याचे तीन प्रमुख परिणाम होतात.

१. लक्षणे झाकली जातात. दातांवर जंतूंचा थर साचला की निरोगी माणसाची हिरडी लाल होते, सुजते, ब्रश करताना रक्त येते. हा शरीराचा इशारा असतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये रक्तवाहिन्यांची ही प्रतिक्रिया दबते. हिरडी फिकट, जाड, वरून ठीक दिसते. आत मात्र हिरडी आणि दात यांच्यामधील फट खोल होत जाते व दाताला धरून ठेवणारे हाड झिजत राहते.

२. प्रतिकारशक्ती कमी पडते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. धूम्रपान करणाऱ्यांना हिरड्यांचा गंभीर आजार होण्याचा धोका धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट असतो.

३. जखम उशिरा भरते. नवी ऊती तयार करणाऱ्या पेशींचे काम मंदावते. त्यामुळे उपचार केले तरी त्यांचा पुरेसा फायदा होत नाही.

१९२३: टाळूवरचा पांढरा चट्टा

फ्रॉइड यांचा आजार हिरड्यांचा नव्हता, पण कारण हेच होते. १९२३ च्या सुरुवातीला उजव्या बाजूला टाळू आणि जबड्यावर एक पांढरट वाढ त्यांना जाणवली. अशा पांढऱ्या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. तो पुसून निघत नाही, सहसा दुखत नाही. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होतो असे नाही, पण काहींचा होतो, म्हणून तो तपासून घ्यावाच लागतो.

स्वतः डॉक्टर असूनही फ्रॉइड सुमारे दोन महिने गप्प राहिले. दाखवायला गेलो तर पहिल्यांदा सिगार बंद करायला सांगतील, ही भीती त्यांना होती. अखेर २० एप्रिल १९२३ रोजी एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात घरच्यांना न सांगता त्यांनी ती वाढ काढून घेतली. शस्त्रक्रियेनंतर खूप रक्तस्राव झाला. घरी निरोप गेला तेव्हा पत्नी आणि मुलगी धावत आल्या. तो कर्करोग होता, पण ही गोष्ट त्यांच्या डॉक्टरांनी सुरुवातीला त्यांना स्पष्ट सांगितली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाचे निष्णात शल्यविशारद हान्स पिश्लर यांनी मोठी शस्त्रक्रिया केली. उजव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळूचा बराच भाग काढावा लागला. तपासणीत अजून कर्करोगाच्या पेशी सापडल्याने नोव्हेंबरमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी फ्रॉइड ६७ वर्षांचे होते.

सोळा वर्षे आणि एक कवळी

टाळू काढल्यामुळे तोंड आणि नाक यांमधील पडदाच राहिला नाही. खाल्लेले नाकात जाऊ नये आणि बोललेले समजावे म्हणून एक मोठी कृत्रिम कवळी बसवली गेली. ती घट्ट बसली तर जखमा करी, सैल बसली तर बोलणे आणि गिळणे अशक्य होई. काढणे-घालणे हा रोजचा छळ होता. घरात तिला राक्षस म्हणत. धाकटी मुलगी ॲना हिने वडिलांची शुश्रूषा स्वतःकडे घेतली. दया दाखवायची नाही, काम म्हणून करायचे, असे बापलेकीत ठरले होते.

बोलणे अस्पष्ट झाले. उजव्या कानाने ऐकू येणे कमी झाले. लोकांसमोर जेवणे ते टाळू लागले. १९३० मध्ये फ्रँकफर्टचा गटे पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या वतीने ॲनाने भाषण वाचले. या काळात त्यांचे लेखन आणि रुग्ण तपासणे मात्र चालू होते.

आणि सिगारही चालू होता. कवळीमुळे तोंड पुरेसे उघडत नसे, तेव्हा कपडे वाळत घालायचा चिमटा दातांमध्ये अडकवून ते सिगारसाठी जागा करत. १९३० मध्ये प्रकृती बिघडल्यावर त्यांनी तो सोडला, पण काही आठवड्यांतच परत सुरू केला. काढलेल्या ऊतींच्या तपासणीत तज्ज्ञाने निकोटिनकडे स्पष्ट बोट दाखवले होते. तरीही फरक पडला नाही.

दरम्यान तोंडात पुन्हा पुन्हा नवे चट्टे येत. ते कापून काढावे लागत किंवा जाळावे लागत. सोळा वर्षांत अशा तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. पिश्लर यांच्या हातात कौशल्य होते, प्रत्येक चट्टा ते वेळेवर काढत होते. परंतु ज्या ऊतीवर शस्त्रक्रिया होत होती, तिच्यावर रोज पुन्हा तोच धूर बसत होता.

हिरड्यांच्या उपचारातही हेच घडते

दंतवैद्य हिरडीखालचे किटण काढतात, दातांची मुळे गुळगुळीत करतात, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात. धूम्रपान न करणाऱ्या रुग्णात यानंतर हिरडी दाताला पुन्हा घट्ट चिकटू लागते आणि खोल फट कमी होते. धूम्रपान चालू असलेल्या रुग्णात ही सुधारणा कमी दिसते आणि आजार परत येण्याची शक्यता जास्त राहते. इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक असते. दात काढल्यावर जखम नीट न भरून हाड उघडे राहण्याचा अतिशय वेदनादायक त्रासही त्यांना जास्त होतो.

चांगली गोष्ट अशी की धूम्रपान सोडल्यावर हिरड्या सावरतात. काही आठवड्यांत रक्तपुरवठा सुधारू लागतो. या काळात काही जणांच्या हिरड्यांतून पहिल्यांदाच रक्त येते आणि ते घाबरून पुन्हा सिगारेटकडे वळतात. घाबरू नका. दबलेली लक्षणे आता दिसू लागली आहेत, म्हणून दंतवैद्यांकडे जा. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही, पण पुढची झीज थांबवता येते आणि उपचारांना प्रतिसाद चांगला मिळतो.

शेवटचे दिवस

१९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रियाचा ताबा घेतल्यावर ज्यू असलेल्या फ्रॉइड यांना व्हिएन्ना सोडावे लागले. ते लंडनला आले. सप्टेंबरमध्ये पिश्लर तिथे येऊन त्यांच्यावर आणखी एक मोठी शस्त्रक्रिया करून गेले. १९३९ च्या सुरुवातीला कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला. किरणोपचारही केले, पण उपयोग झाला नाही. जखमेला इतकी दुर्गंधी येऊ लागली की त्यांचा लाडका कुत्राही जवळ येईना. २३ सप्टेंबर १९३९ रोजी, ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. असह्य वेदनांत शेवटी त्यांच्याच विनंतीवरून त्यांचे डॉक्टर माक्स शूर यांनी त्यांना मॉर्फिन दिले होते.

तुम्ही काय करावे?

फ्रॉइड यांना धोका माहीत होता. केवळ माहिती असून व्यसन सुटत नाही, त्यासाठी मदत लागते. त्या काळी ती नव्हती, आज आहे. निकोटिनचे च्युइंगगम आणि पॅच, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे आणि समुपदेशन यांनी सोडण्याची शक्यता वाढते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ ही निःशुल्क आहे. एकदा सोडून पुन्हा सुरू झाले तर लाज वाटू देऊ नका, पुन्हा प्रयत्न करा.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास लगेच दंतवैद्यांना दाखवा:

• पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा
• दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातील व्रण
• हलणारे दात, हिरड्या खाली सरकणे किंवा सतत येणारी दुर्गंधी
• तोंड पूर्वीइतके न उघडणे

तंबाखू, गुटखा किंवा मिश्री वापरणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावे, कारण त्यातही निकोटिन आणि कर्करोगकारक रसायने असतात. तपासणीला जाताना तुम्ही काय आणि किती वापरता, ते डॉक्टरांपासून लपवू नका. तंबाखू बंद करायला सांगतील या भीतीने तपासणी पुढे ढकलू नका. ती अजून सुटली नसेल, तरीही आधी तोंड दाखवून घ्या.